तारेसाठी काढलेला दात: खड्डा दोनदा भरतो

(सामुदायिक रेडिओवरील आरोग्यविषयक भाषण, वाचकांसाठी)



वेड्यावाकड्या दातांना तार लावणं, ज्याला आपण क्लिप किंवा ब्रेसेस म्हणतो, हे आता आपल्या हिंजवडीत, माण-मारुंजीत नवलाचं राहिलेलं नाही. शाळा सुटताना फाटकापाशी उभं राहा, हसणाऱ्या पोरांच्या दातांवर तार चमकताना दिसेल. आयटी पार्कात नोकरी करणाऱ्या पंचविशी-तिशीतल्या मुलीही लहानपणी राहून गेलेले उपचार स्वतःच्या पगारातून करून घेतात. तारेची कुणाला फारशी भीती वाटत नाही. भीती वाटते ती डॉक्टरांनी पुढचं वाक्य उच्चारल्यावर: "जागा करायला चार दात काढावे लागतील."

घरी आल्यावर आजी विचारते, "किडलेला नाही, हलत नाही, मग धडधाकट दात काढायचा कशाला?" आई मनात म्हणते, एवढा खड्डा पडणार, तो भरणार कधी? आणि जिचा दात काढायचा तिला एकच प्रश्न असतो, दुखेल किती? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. आज मी त्यांचीच उत्तरं देणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. तारेसाठी काढलेल्या दाताचा खड्डा दोनदा भरतो. पहिल्यांदा तो शरीर भरतं, रक्ताने, हिरडीने आणि हाडाने. दुसऱ्यांदा तिथे शेजारचे दात सरकून येतात. पहिल्या भरणीत आठ-दहा दिवस जपावं लागतं. दुसरीसाठी बरेच महिने चिकाटी लागते. पहिल्या भरणीची काळजी सगळे घेतात. दुसरी मात्र पुष्कळ घरांत अर्धवट सुटते.

चांगला दात का काढायचा?

शेअर रिक्षात मागच्या सीटवर तिघांची जागा असते. चौथी बाई शिरली की कुणी पुढे सरकून टेकतं, कुणी तिरकं होतं. जबड्यातही असंच होतं. दात मोठे आणि हाड लहान असेल तर काही दात पुढे ढकलले जातात, काही आडवे होतात, एखादा सुळा वर हिरडीतच अडकतो. ते सरळ करायचे तर जागा हवी.

जागा करायला दात काढणं हा एकच मार्ग नाही. वाढत्या वयात वरचा जबडा थोडा रुंद करता येतो, दातांच्या कडा अगदी किंचित घासता येतात, दाढा मागे सरकवता येतात. या वादाला शंभरहून जास्त वर्षं झाली. अमेरिकेतले एडवर्ड अँगल हे आधुनिक दंतव्यंगोपचाराचे जनक मानले जातात. सगळे दात राखलेच पाहिजेत, असं त्यांचं मत होतं. १९११ मध्ये कॅल्व्हिन केस यांनी त्याला उघड विरोध केला. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांच्या लक्षात आलं, की दात न काढता बसवलेल्या कित्येक रुग्णांचे दात पुन्हा पुढे आले आहेत. त्यांनी अशा रुग्णांचे दात काढून उपचार नव्याने केले. आज तज्ज्ञ दोन्ही टोकं टाळतात. एक्स-रे, दातांचे साचे आणि चेहऱ्याची बाजूने ठेवण पाहून ते ठरवतात. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, "दात न काढता होईल का? तसं केलं तर काय होईल?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही. शंका उरलीच तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. काढलेला दात परत बसवता येत नाही, त्यामुळे आठ दिवस उशीर झाला तरी काही बिघडत नाही.

चिठ्ठीवरचे आकडे वाचायला शिका

बहुतेक वेळा सुळ्याच्या मागची पहिली उपदाढ काढतात. पुढून ती फारशी दिसत नाही, आणि तिच्यामागे तशीच दुसरी उपदाढ चावायचं काम करायला असते. पण या दोघी दिसायला बहिणी-बहिणी. तार लावणारे डॉक्टर वेगळे आणि दात काढणारे वेगळे असले, तर निरोप चिठ्ठीवर जातो. ती चिठ्ठी आईलाही वाचता आली पाहिजे.

पद्धत सोपी आहे. तोंडाचे चार भाग करायचे. वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. उजवा-डावा हे ज्याचे दात आहेत त्याच्या बाजूने. मग प्रत्येक भागात मधल्या रेषेपासून मागे मोजत जायचं. पटाशीचे दोन दात १ आणि २, सुळा ३, पहिली उपदाढ ४, दुसरी ५. म्हणजे १४ हा आकडा 'चौदा' नाही, 'एक-चार': वरच्या उजव्या बाजूचा चौथा दात. चारही पहिल्या उपदाढा काढायच्या असतील तर चिठ्ठीवर १४, २४, ३४, ४४ लिहिलेलं असतं. इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना आरसा मागा आणि "कुठला दात?" असं विचारून बोट ठेवून घ्या. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

त्याच वेळी घरातली माहितीही सांगा. लहानशा जखमेतूनही रक्त लवकर थांबत नाही का? कुणाला हिमोफिलिया आहे का? दम्याची, मधुमेहाची, रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत का? मोठ्या मुलींनी आणि बायकांनी गरोदरपण किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगावं.

चारही दात एकदम काढायचे की दोन वेळा, हे डॉक्टर ठरवतात. पुष्कळदा एका बाजूचा वरचा आणि खालचा दात एका वेळी काढतात, आणि आठवडाभराने दुसऱ्या बाजूचे. म्हणजे चावायला एक बाजू मोकळी राहते. वरच्या पहिल्या उपदाढेला बहुधा दोन मुळं असतात, त्यामुळे ती काढायला खालचीपेक्षा थोडा जास्त वेळ लागू शकतो. सुन्न केल्यावर दाब आणि हलवल्याची जाणीव होते, टोचल्यासारखं दुखत नाही. दुखलं तर हात वर करायचा, असं मुलीला आधीच सांगून ठेवा.

पहिला दिवस: रक्ताची गाठ जपायची

दात निघाला की खड्ड्यात रक्त भरतं आणि काही मिनिटांत त्याची गाठ धरते. ही गाठ म्हणजे घाण नाही, हे शरीराने घातलेलं झाकण आहे. खालचं हाड आणि नसांची टोकं ती झाकते, आणि नवी हिरडी व नवं हाड तिच्याच आधाराने वाढतं. पहिल्या दिवसाची सगळी पथ्यं या एका गाठीसाठी असतात.

डॉक्टर कापसाची किंवा गॉजची घडी चावून धरायला देतात. ती साधारण अर्धा ते पाऊण तास घट्ट धरायची. दर पाच मिनिटांनी काढून 'थांबलं का' हे बघायचं नाही, त्याने धरत आलेली गाठ उचकटते. लाळेत थोडं गुलाबी रक्त दिवसभर दिसू शकतं. लाळ गिळायची, थुंकायची नाही. जोराने थुंकणं, चूळ भरणं, स्ट्रॉने ओढून पिणं, विडी-सिगारेट ओढणं, या प्रत्येक गोष्टीत तोंडात ओढ तयार होते आणि गाठ निसटू शकते. शहाळ्याचं पाणीसुद्धा नळीने न पिता पेल्यात ओतून घ्या.

सुन्नपणा दोन-तीन तास राहतो. तेवढ्या वेळात मुलं ओठ चावून ठेवतात, आणि संध्याकाळी दातापेक्षा ओठच जास्त सुजलेला असतो. म्हणून सुन्नपणा उतरेपर्यंत काही चावायला देऊ नका, लहान मुलांवर लक्ष ठेवा. गालावर बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटं धरायचा. पहिल्या दिवशी शेक द्यायचा नाही. रात्री एक उशी जास्त घ्यायची. गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेलीच घ्यायची. घरातली अॅस्पिरिन देऊ नका, तिने रक्त वाहायचं प्रमाण वाढतं, आणि मुलांना तर ती मुळीच देऊ नये.

दुसऱ्या दिवसापासून

चोवीस तासांनंतर कोमट पाण्यात मीठ घालून, एका पेल्याला अर्धा चमचा, जेवणानंतर चूळ भरायची. खुळखुळ जोरात करायची नाही. पाणी तोंडात घेऊन मान या बाजूला, त्या बाजूला कलती करायची आणि ओघळू द्यायचं. बाकीचे दात नेहमीसारखे घासायचे, खड्ड्याला मात्र ब्रश लावायचा नाही. तार आधीच लावलेली असेल तर तारेभोवती स्वच्छता आणखी काटेकोर ठेवावी लागते, कारण अडकलेल्या अन्नाने हिरडी सुजते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आरशात बघितलं की खड्ड्यात पांढरट-पिवळसर थर दिसतो, आणि आया घाबरतात. त्यांना वाटतं पू झाला. दुखणं कमी होत असेल, ताप नसेल, घाण वास नसेल, तर तो पू नाही. भरत चाललेल्या जखमेचाच तो थर आहे. गुडघा फुटल्यावर कोरडी खपली धरते, तोंडात ओल असल्यामुळे ती अशी पांढरी, मऊ दिसते. कापसाने पुसून काढू नका.

वरून हिरडी मिटायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आत पहिलं कच्चं हाड सहा-आठ आठवड्यांत तयार होतं, आणि ते पक्कं व्हायला आणखी काही महिने जातात. कोवळ्या वयात हे सगळं लवकर होतं, तिशीत थोडं सावकाश.

खाण्याचं म्हणाल तर पहिला दिवस गार किंवा कोमट, मऊ आणि पातळ. गुरगुट्या भात-वरण, मुगाची खिचडी, ताक, दही, नाचणीची आंबील, शिरा, कुस्करलेलं केळं. आइस्क्रीम चमच्याने चालतं, आणि मुलांसाठी ती मोठीच लालूच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्या बाजूने मऊ पोळी दुधात किंवा आमटीत कुस्करून. आठवडाभर टाळायचं ते बारीक आणि टोकदार: चिवडा, शेव, मिसळीवरची फरसाण, पापड, भाकरीचा कडक पापुद्रा, तीळ, पॉपकॉर्न. उपवास असेल तर साबुदाण्याच्या खिचडीतलं दाण्याचं कूट खड्ड्यात जाऊन बसतं, त्यापेक्षा वरीचा मऊ भात बरा. पुढे तार असेपर्यंत ऊस सोलून खाणं, कडक तिळगूळ, चिक्की आणि पुढच्या दातांनी कणीस खाणं विसरायचं, नाहीतर दाताला चिकटवलेला ब्रॅकेट सुटून येतो.

खड्ड्यात काही भरू नका

आपल्या भागात घरोघरी एक वैद्य असतोच. कुणी हळद दाबायला सांगतं, कुणी तुरटी, कुणी लवंगेचं तेल. हळद स्वयंपाकघरात मोलाची, पण तिची पूड खड्ड्यात गेली की गाठीत कचरा मिसळतो. लवंगेचं तेल उघड्या जखमेवर भाजतं. सगळ्यात वाईट मिश्री. दुखऱ्या हिरडीला मिश्री लावायची सवय अजून अनेक आज्यांना आणि मावश्यांना आहे, आणि मायेपोटी ती नातीच्या हिरडीलाही लागते. मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूच. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी केली. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला लागणारं रक्त कमी पोचतं, आणि त्यातला निकोटीन मुलीला सवय लावतो. आजीला दुखावू नका, पण डबी दूर ठेवा.

दुसरी भीती डोळ्यांची. वरचा दात काढला की दृष्टी कमी होते, असं म्हणतात. मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात. दृष्टीची नस त्यांतली दुसरी, दातांना जाणीव देणारी पाचवी. त्यांचे रस्ते वेगळे. दात काढल्याने नजर कमी होत नाही. पाळी चालू असताना दात काढू नये, असंही काही घरांत मानतात. पाळीमुळे दात काढायला अडचण येत नाही. फार दुखत असेल, अशक्तपणा वाटत असेल तर सोयीचा दुसरा दिवस घ्या, एवढंच.

डॉक्टरांना फोन कधी करायचा?

दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. पहिल्या दोन दिवसांत कमी होत आलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक वाढलं, कानापर्यंत कळ जाऊ लागली, तोंडाला वास यायला लागला आणि खड्डा रिकामा, कोरडा दिसला, तर रक्ताची गाठ निघून गेली असं समजा. डॉक्टर याला ड्राय सॉकेट म्हणतात. कोवळ्या वयातल्या उपदाढांना हे क्वचित होतं. खालच्या अक्कलदाढेला, तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना त्याचा धोका जास्त. ते घरी गोळ्यांवर काढू नका. डॉक्टर खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात आणि पुष्कळदा त्याच दिवशी आराम पडतो.

तासभर घट्ट दाबूनही रक्त थांबत नसेल, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत असेल, ताप आला असेल, तोंड उघडत नसेल किंवा दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असेल, तर लगेच दवाखाना गाठा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर सकाळची वाट बघू नका. संध्याकाळी सहाला भूमकर चौकात काय होतं हे आपण जाणतो. म्हणून दात काढायची वेळ शक्यतो सकाळची घ्या. काही अडचण आली तर दवाखाना उघडा असतानाच पोचता येईल.

दुसरी भरणी

आता दुसऱ्या भरणीकडे येते. उपदाढेची रुंदी साधारण ७ मिलिमीटर असते. त्यातली काही जागा पुढचे गर्दी केलेले दात सरळ होण्यात वापरली जाते. उरलेली तारेच्या हलक्या ओढीने बंद करतात. दात हाडातून सरकतो म्हणजे काय होतं? ज्या बाजूला दाब पडतो तिथल्या पेशी हाड झिजवतात, आणि ज्या बाजूला ताण पडतो तिथल्या पेशी नवं हाड घालतात. हे काम महिन्याला साधारण एका मिलिमीटरच्या वेगाने चालतं. जास्त जोर लावला म्हणून ते लवकर होत नाही. उलट मुळांना इजा होण्याची भीती असते.

म्हणून पुढे पाच-सहा महिने किंवा अधिक काळ हसताना बाजूची फट दिसणारच. मुली तोंडावर हात धरून हसतात, वर्गातली मुलं चिडवतात. ही फट उपचाराचाच भाग आहे आणि ती दर महिन्याला लहान होते आहे, हे घरच्यांनी तिला दाखवून द्यायला हवं. महिन्यातून एकदा मोबाईलवर एकाच बाजूने फोटो काढून ठेवा. आरशात रोज न दिसणारा फरक फोटोत दिसतो.

लग्न ठरायच्या बेतात असलेल्या मुलींच्या घरी खास सांगते. दात काढून करायच्या उपचाराला बहुधा दोन वर्षांच्या आसपास लागतात. साखरपुड्यापर्यंत उरका, असा लकडा डॉक्टरांकडे लावून उपयोग नाही. तारीख जवळ असेल तर दात काढायच्या आधीच ती सांगा. काढल्यानंतर सांगितलंत तर फोटोत फट येईल.

आणि आता हिंजवडीचा म्हणून जो प्रश्न आहे तो. इथे माणसं येतात आणि जातात. कंपनी बदलते, बदली बंगळुरूला होते, कुणाला परदेशी पाठवतात. उपचार अर्धा राहतो. आठ-दहा महिने दाखवलंच नाही, तर रिकाम्या जागेतलं हाड अरुंद होत जातं, शेजारचे दात हवे तसे न सरकता खड्ड्याकडे झुकतात, तारेखाली कीड लागते. मग दात काढल्याचं नुकसान पदरी पडतं आणि सरळ दातांचा फायदा मिळत नाही. बदलीची कुणकुण लागली की डॉक्टरांना सांगा. एक्स-रे, फोटो, दातांचे साचे आणि आतापर्यंत काय केलं याची चिठ्ठी मागून घ्या. ती तुमचीच कागदपत्रं आहेत. दुसऱ्या गावातला तज्ज्ञ त्यावरून काम पुढे नेऊ शकतो. बदली नक्की असेल आणि दात अजून काढले नसतील, तर नव्या गावी जाऊनच सुरुवात केलेली बरी.

खर्चामुळे मध्येच थांबावं लागेल अशी भीती असेल, तर सुरुवातीलाच दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. आपल्याला जवळचं म्हणजे पिंपरीतलं डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय. धनकवडीत भारती विद्यापीठाचं आणि कॅम्पात रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, आणि खर्च बहुधा खाजगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त होतात, हे मात्र धरून चला.

शेवटी तार निघाली की रिटेनर देतात. पुष्कळ मुली तो डबीत ठेवून विसरतात. सरकून आलेले दात नव्या जागी स्थिरावायला वेळ लागतो. रिटेनर लावला नाही तर बंद झालेली फट पुन्हा उघडू शकते. डॉक्टर सांगतील तेवढा काळ तो लावायचाच.

तर मैत्रिणींनो, मुलीचे दात काढायची तारीख ठरली असेल, तर दात काढल्यावर चोवीस तास ती गाठ जपा. तिसऱ्या दिवशी पांढरा थर दिसला तर घाबरू नका, आणि दुखणं वाढलं तर थांबू नका. मग कॅलेंडरवर पुढच्या वर्षभराच्या तपासणीच्या तारखांना खूण करून ठेवा आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.